मदत हवी आहे: घोडीच्या हॉकमधलं (मागच्या पायाच्या मधल्या सांध्यातलं) हाड पाचरीसारखं आहे म्हणे. स्क्रू की नुसती विश्रांती?

नमस्कार मंडळी, आम्ही चार मित्रांनी मिळून एक तीन वर्षांची थरोब्रेड (रेसच्या जातीची) घोडी घेतलीय, पुण्यातच ट्रेनिंगला असते. मोठे मालक वगैरे नाही हो, पगारातून हप्ते भरतो. तीन आठवड्यांपूर्वी सकाळच्या ट्रॅकवर्कमध्ये जोरात गॅलप मारून आली आणि थंड झाल्यावर मागचा उजवा पाय लंगडायला लागली. सूज म्हणावी तर नाहीच, हॉकच्या पुढच्या बाहेरच्या अंगाला हात लावला की जराशी ऊब. खरं तर सईसकाका आधीपासून सांगत होते की ही मागून पाय चोरतेय, सकाळी पेंढ्यावर खुराच्या टोकाने ओढल्यासारखी रेघ दिसते आणि नालही पुढून जास्त घासलीय, पण आम्ही शहाणे, म्हटलं नालबंदाला बोलवू.

पहिल्या दिवशीच्या एक्सरेत काहीच नाही. बारा दिवसांनी परत काढला, यावेळी एक्सरेची एक तिरकी प्लेट घेतली, त्यात थर्ड टार्सल बोनला, म्हणजे हॉकमधल्या एका छोट्या हाडाला, उभी चीर. तुकडा जागेवरच आहे, सरकलेला नाही. आणि डॉक्टर म्हणाले की हे हाड मुळातच पुढून बाहेरच्या बाजूला निमुळतं, पाचरीसारखं आहे, अशा घोड्यांना इथे फ्रॅक्चरची शक्यता जास्त असते.

आता ग्रुपवर भांडण. एकजण म्हणतो जॉकीने जास्त पळवली, दुसरा म्हणतो ट्रॅक कडक होता. माझे प्रश्न: हा आकार येतो कुठून? ऑपरेशन करायचं की थांबायचं? आणि डावा पायही तसाच असेल का?

लगाम_सैल: भांडण आधी थांबवा. कडक ट्रॅक, जास्त स्पीड, याने भार वाढतो हे खरंच, पण तो भार जातो कुठे ते बघा. हॉक म्हणजे एक सांधा नाही, थर आहेत. वरचा मोठा सांधा वाकतो, खालचे थर जवळजवळ हलत नाहीत, नुसता भार झेलतात. थर्ड टार्सल त्या खालच्या थरातलं, चपटं. सगळीकडून सारखं जाड असेल तर भार पसरतो, एक कड पातळ असेल तर तिथेच दाब येतो आणि रोजच्या कामाने ती कड थकत जाते. मग एक दिवस पुढचा तुकडा सुटतो. म्हणजे चीर त्या दिवशी दिसली, पण तयारी आधीपासून चाललेली असू शकते, पेंढ्यावरची रेघ कदाचित तीच. सईसकाकांना चहा पाजा.

घोडेवाला_डॉ: आकाराबद्दल. शिंगराच्या हॉकमधली ही छोटी हाडं जन्मताना पूर्ण पक्की नसतात, बाहेरून कूर्चा असते. घोडी साधारण 340 दिवस गाभण राहते, 320च्या आत व्याली तर पिल्लू अपुऱ्या दिवसांचं धरतात, आणि अशा पिल्लात कूर्चाच जास्त. ते बिचारं पहिल्याच दिवशी उभं राहून आईमागे धावणार! मऊ भाग पुढून चेपतो आणि तसाच घट्ट होतो. जुळं किंवा अशक्त शिंगरू असेल तरी होतं. म्हणून अशा पिल्लांचे हॉक आणि गुडघे सुरुवातीलाच एक्सरे करून हाड पक्कं होईपर्यंत त्यांना छोट्या जागेत ठेवतात. तुमच्या घोडीची जन्मतारीख आणि तिच्या आईची कव्हरिंगची (घोडा लावल्याची) तारीख स्टड फार्मला विचारा, उत्तर मिळून जाईल कदाचित. पण असा आकार असलेले सगळेच मोडत नाहीत हां, नाहीतर उगाच घाबराल.

ऑपरेशन: तुकडा सरकलेला नसेल तर बरेच जण आधी बॉक्समध्ये (तबेल्यातल्या खोलीत) बंद विश्रांती, मग हाताने चालवणं, एक्सरे बघून हळूहळू काम, असं काही महिने करतात आणि घोडे रेसला परतही येतात. तुकडा मोठा किंवा सरकलेला असेल तर स्क्रू. फक्त पूर्ण भूल द्यावी लागते, आणि घोडा भुलेतून उठताना धडपडला तर दुसरंच काही मोडतं, तो धोका मोजा. दोन्हीकडे नंतर त्या सांध्याला संधिवात होऊ शकतो. शेवटी प्लेट समोर असलेल्या सर्जनचं ऐका, माझं नाही.

लगाम_सैल: डाव्या पायाचीही तीच तिरकी प्लेट घ्या, पुढून आतल्या बाजूने मागे बाहेर जाणारी. नुसत्या बाजूच्या एक्सरेत ही कड लपते.

मूळ पोस्टकर्ता: धन्यवाद दोघांनाही. फार्मला फोन केला. घोडी आईच्या पोटात 316 दिवसच राहून जन्मलेली!! नोंदवहीत लिहिलंय, आम्ही घेताना विचारलंच नव्हतं, पेडिग्री मात्र तोंडपाठ. ग्रुपवर टाकलं, जॉकीवाला गप्प झालाय. ऑपरेशन आत्ता नाही, डॉक्टरांचंही तेच मत पडलं. डाव्या पायाची प्लेट उद्या सकाळी सातला आहे, काका पाय धरणार आहेत.