सहा रंगीत पंखे आणि बी विंगचे अर्थिंग

सावंत (बी-४०२): नमस्कार. ग्रुपवर घरगुती विषय काढू नयेत हा नियम मला ठाऊक आहे. परंतु आमच्या घरातील शांतता ज्या विषयाने घालवली आहे, त्याची सुरुवात याच ग्रुपवरील एका घरातून झाली असल्यामुळे इथेच लिहितो. अथर्वला गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर हवा आहे. मॉनिटरसह सत्तर हजार, त्यापुढे एक रुपया नाही, असे मी सांगितले आणि स्टेशनजवळच्या दुकानातून चांगले आय-सेव्हनचे कोटेशनही आणले. आता चिरंजीव म्हणतात की ते कोटेशन टाकाऊ आहे, सुटे भाग आणून मी स्वतःच जोडणार, कारण क्षितिजाताईने तसे सांगितले. ज्याने आजवर सायकलची उतरलेली चेन बसवली नाही, तो सत्तर हजारांचे यंत्र जोडणार! क्षितिजाने कृपया खुलासा करावा.

नाडकर्णी (सचिव): सावंतसाहेब, आपल्या भावना समजू शकतो, तथापि हा ग्रुप सोसायटीच्या कामकाजापुरता आहे, याची नम्र आठवण करून देतो.

म्हात्रे (सी-२०४): सचिव महोदय, मागच्या आठवड्यात आपण आपल्या साडूंच्या आंब्यांची आगाऊ नोंदणी याच ग्रुपवर घेतली होती. चर्चा चालू द्यावी.

क्षितिजा (सी-५०१): सावंतकाका, टाकाऊ हा शब्द माझा नाही, पण कोटेशन पाहिल्याशिवाय बोलणे बरोबर नाही. त्यावरील सर्व वस्तू जशाच्या तशा लिहाल का?

सावंत (बी-४०२): लिहितो. प्रोसेसर आय-७-१२७००. रॅम ८ जीबी, एक नग. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबी. एसएसडी २५६ जीबी. काचेचे कॅबिनेट, सहा आरजीबी, म्हणजे रंगीत दिव्यांच्या, पंख्यांसह. एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारी पेटी) ५०० वॅट, "कॅबिनेटसोबत मोफत". २२ इंची मॉनिटर. एकूण ६९,५००. यात वाईट काय आहे ते मला खरोखरच समजलेले नाही.

क्षितिजा (सी-५०१): काका, एकेक वस्तू पाहिली तर वाईट असे फारसे काही नाही, पण पैसे नको त्या ठिकाणी गेले आहेत. इंटेलच्या आय-७-१२७०० मध्ये बारा कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामे करणारे भाग, आहेत आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला ते उपयोगी पडतात. गेममध्ये मात्र पडद्यावरचे चित्र तयार करण्याचा मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर असतो, आणि हे कार्ड २०१९ सालचे आहे. ४ जीबी मेमरीत आजचे मोठे गेम धड चालत नाहीत, त्यामुळे महागडा प्रोसेसर कार्डाची वाट पाहत नुसता बसून राहील. रॅमचा एकच नग म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी (चॅनलपैकी) एकच वापरात येणार. मॉनिटर सोडून जी रक्कम उरते तिचा निदान तिसरा हिस्सा कार्डावर जायला हवा. या कागदावर तो प्रोसेसरवर आणि पंख्यांवर गेला आहे.

शिर्के (ए-३०२): मी पंचवीस वर्षे कार्यालयातील संगणक विभाग सांभाळला आहे, म्हणून सांगतो. क्षितिजा आता एएमडी सुचवणार. एएमडीचे प्रोसेसर तापतात. इंटेल ते इंटेल.

आपटे (ए-१०३): कॉम्प्युटर कोणताही घ्या, बी विंगच्या अर्थिंगचे काय झाले? मागच्या वार्षिक सभेत मी हा विषय लेखी मांडला होता.

क्षितिजा (सी-५०१): शिर्केकाका, आपला अनुभव मोठा आहे, पण ती गोष्ट जुन्या पिढ्यांची झाली. रायझन ५ ५६०० हा एएमडीचा ६५ वॅटचा प्रोसेसर आहे, त्याचा पंखा खोक्यातच मिळतो आणि तो पुरतो. इंटेलचाच हवा असेल तर आय-५-१२४००एफ घ्यावा. त्यातही सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत आणि गेममध्ये दोघांत डोळ्यांना जाणवेल असा फरक नाही. त्या दिवशी ज्याचा मदरबोर्ड स्वस्त मिळेल तो घ्यावा, इतके हे सोपे आहे. या दोन्हींत अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणजे कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर काहीच उमटणार नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

शिर्के (ए-३०२): तरीही मी इंटेलच म्हणेन.

लिमये काकू (बी-२०१): मला यातले काही कळत नाही, पण विजेच्या बिलाचा विचार कुणी केला आहे का? आमच्या भाचीच्या घरी असे यंत्र आल्यापासून बिल पाहवत नाही म्हणतात.

अथर्व (बी-४०२): काकू, मी हिशेब केला आहे. आरएक्स ६६०० हे कार्ड जास्तीत जास्त १३२ वॅट घेते, प्रोसेसर पूर्ण भारावर ७६, आणि बाकीचे सगळे धरून गेम चालू असताना साधारण अडीचशे वॅट होतात. चार तास खेळलो तर एक युनिट. मॉनिटरचे थोडे वेगळे. एसी यापेक्षा कितीतरी जास्त वीज खातो.

सावंत (बी-४०२): चार तास कोण खेळू देणार आहे, हा प्रश्न घरात सोडवला जाईल.

म्हात्रे (सी-२०४): सावंतसाहेब, खर्च वाचवण्याचा मार्ग माझ्याकडे आहे. माझ्या पुतण्याकडे आरटीएक्स ३०६० कार्ड आहे, १२ जीबीचे, अगदी नव्यासारखे. बाजारभावाच्या निम्म्याने देतो. शेजारधर्म म्हणून आधी ग्रुपवर सांगितले.

शिर्के (ए-३०२): म्हात्रे, "अगदी नव्यासारखा" हेच शब्द आपण मला इन्व्हर्टर विकताना वापरले होते. त्याची बॅटरी गणपतीपर्यंतही टिकली नाही.

म्हात्रे (सी-२०४): बॅटरीत पाणी घालायचे असते, हे पंचवीस वर्षे संगणक विभाग सांभाळणाऱ्यांना मी काय सांगावे!

नाडकर्णी (सचिव): कृपया वैयक्तिक टीका टाळावी.

क्षितिजा (सी-५०१): म्हात्रेकाका, कार्ड चांगलेच आहे आणि १२ जीबी मेमरी या किमतीत दुर्मीळ आहे. तीन गोष्टी कळल्या तर बरे होईल. मूळ बिल आहे का आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर आहे का. वॉरंटी किती उरली आहे. आणि ते क्रिप्टो मायनिंगसाठी (आभासी चलन कमावण्यासाठी) रात्रंदिवस चालवलेले होते का. शिवाय ते १७० वॅटचे आहे, म्हणजे मोफतच्या एसएमपीएसवर ते लावणे मला धोक्याचे वाटते.

म्हात्रे (सी-२०४): बिल शोधावे लागेल. मायनिंगचे पुतण्याला विचारून सांगतो.

शिर्के (ए-३०२): म्हणजे बिल नाही.

आपटे (ए-१०३): एसएमपीएसचा विषय निघालाच आहे, तर पुन्हा विचारतो. बी विंगच्या अर्थिंगचे काय झाले? ही अडचण आमच्या विंगमध्ये नसली तरी आम्ही विचारायला नको का?

नाडकर्णी (सचिव): आपटेसाहेब, तो विषय समितीसमोर आहे.

आपटे (ए-१०३): समितीसमोर तो दीड वर्ष आहे.

अथर्व (बी-४०२): ताई, एक शंका आहे. माझा मित्र म्हणतो की आता एएम४, म्हणजे रायझन ५ ५६०० चा जुना सॉकेट, घेणे म्हणजे मागे जाणे आहे, नवा एएम५ घे म्हणजे तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता येईल. रायझन ५ ७६०० घेतला तर त्यात थोडे अंगभूत ग्राफिक्सही मिळते.

क्षितिजा (सी-५०१): तुझा मित्र तत्त्वतः बरोबर आहे, आणि वर्षभरापूर्वी तू विचारले असतेस तर मीही कदाचित तेच सांगितले असते. एएमडीने एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवण्याचे जाहीर केले आहे. पण एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, आणि एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे कारखाने व्यापून टाकल्यामुळे २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत या रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल या नावाने घरगुती ग्राहकांना माल विकणेच थांबवत असल्याचे सांगितले. एएम४ ला लागणारी जुनी डीडीआर४ सुद्धा महागली आहे, पण तिथे निदान जुनी रॅम वापरण्याची वाट उरते. तुझ्यापुढे दोन पर्याय आहेत: नवा सॉकेट आणि दुबळे कार्ड, किंवा जुना सॉकेट आणि चांगले कार्ड. पहिल्याच कॉम्प्युटरसाठी, बाबांनी रकमेवर रेघ मारलेली असताना, मी दुसरा घेईन.

देसाई (ए-२०४): आमच्या जुन्या कॉम्प्युटरमधील रॅम पडून आहे, ४ जीबीचे दोन नग. उपयोग असेल तर घेऊन जावी, पैसे नकोत.

क्षितिजा (सी-५०१): काका, मनापासून आभार. त्यावर डीडीआर३ लिहिले असेल तर ती बसणार नाही, कारण खालची खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ असली तरी ८ जीबी आता कमी पडते. अथर्वने ८-८ जीबीचे दोन नग, ३२०० वेगाचे, एकाच पाकिटातील घ्यावेत.

लिमये काकू (बी-२०१): इतकी यातायात करण्यापेक्षा एक लॅपटॉप घ्यावा, कॉलेजलाही नेता येईल.

सावंत (बी-४०२): काकू, मी हेच गेला महिनाभर म्हणत होतो. गेमिंगच्या लॅपटॉपचे भाव पाहून गप्प बसलो.

शिर्के (ए-३०२): एसएमपीएसवर एवढा भर कशासाठी? पाचशे वॅट लिहिले आहे, अडीचशे लागतात, मग दुप्पट झालेच की.

क्षितिजा (सी-५०१): काका, लिहिलेले आणि मिळणारे यांत फरक असतो. कॅबिनेटसोबत येणाऱ्या या पेट्यांवर बहुतेक वेळा कोणतेही प्रमाणन नसते, आणि कार्डाने क्षणभरासाठी जास्त ओढ घेतली की कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो. वाईटात वाईट म्हणजे ही पेटी बिघडताना बोर्डालाही घेऊन जाते. एसएमपीएस ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा, नामांकित कंपनीचा आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्यावा. ८० प्लस हे प्रमाणपत्र फक्त विजेची बचत किती होते एवढेच सांगते, सुरक्षा सर्किटांविषयी काही सांगत नाही, म्हणून वॉरंटीकडे मी अधिक पाहते. रंगीत पंखे सोडून दिले की एवढे पैसे सुटतात. जाळीच्या दर्शनी भागाचे कॅबिनेट आणि दोन साधे पंखे पुरे आहेत; काच पुढे असली की हवा आत यायला जागाच राहत नाही.

अथर्व (बी-४०२): एक तरी आरजीबी पंखा चालेल ना?

सावंत (बी-४०२): नाही.

आपटे (ए-१०३): मी पुन्हा तोच मुद्दा मांडतो, त्याबद्दल क्षमस्व. बी विंगच्या अर्थिंगचे काय झाले?

लिमये काकू (बी-२०१): अहो, आता आठवले. आमच्या वॉशिंग मशीनला ओला हात लागला की मुंग्या येतात. हे अर्थिंगमुळेच का?

क्षितिजा (सी-५०१): काकू, वॉशिंग मशीनचे कारण वेगळेही असू शकते, म्हणून तोवर ते प्लग काढून ठेवा आणि दाखवून घ्या. पण आपटेकाकांचा मुद्दा या चर्चेत अगदी लागू पडतो. एसएमपीएसच्या आत विजेची खरखर गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर फेजपासून आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती किंचितशी वीज जमिनीत निघून जाते. नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा दाब तरंगत राहतो. टेस्टर लावला तर पेटतो आणि अनवाणी उभे राहून मागच्या स्क्रूला मनगट घासले तर झिणझिण्या येतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण आत खरोखरीचा बिघाड झाला तर ती वीज जायला दुसरी वाट नसते. बी-४०२ चा विजेचा सॉकेट तपासल्याशिवाय मी त्यात काही लावू देणार नाही.

सावंत (बी-४०२): म्हणजे सत्तर हजार खर्चून माझ्या मुलाला शॉक बसणार, आणि हे सोसायटीला दीड वर्ष माहीत आहे?

नाडकर्णी (सचिव): असे कोणीही म्हटलेले नाही. महावितरणकडे पत्र दिलेले आहे.

आपटे (ए-१०३): मीटरच्या पुढचे अर्थिंग महावितरणचे नसते, आपले असते. हेही मी लेखी दिले होते. प्रत माझ्याजवळ आहे.

म्हात्रे (सी-२०४): सचिव महोदय, आंब्यांच्या पेट्यांइतकी तत्परता येथेही दाखवावी.

नाडकर्णी (सचिव): ठीक आहे. शुक्रवारी वायरमन बोलावतो. तो बी विंगच्या मीटर रूममध्ये मोजमाप घेईल आणि ज्यांना आपल्या घरातील सॉकेट तपासायचे आहेत त्यांनी नावे द्यावीत. खर्चाचे नंतर पाहू.

आपटे (ए-१०३): "नंतर पाहू" म्हणजे कोणाच्या खात्यातून, हे लेखी कळवावे.

क्षितिजा (सी-५०१): अथर्व, आता यादी अंतिम कर. रायझन ५ ५६००. बी५५० चा छोटा बोर्ड; जुन्या साठ्यातला बी४५० स्वस्त म्हणून देऊ लागले तर बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अद्ययावत केला आहे का ते विचार, नाहीतर तो हा प्रोसेसर ओळखणारच नाही. रॅम वर सांगितल्याप्रमाणे. एसएसडी एनव्हीएमई या वेगवान प्रकारची, शक्यतो १ टीबी, कारण एकेक गेम शंभर जीबीच्या वर जागा खातो. आरएक्स ६६००, ८ जीबी. काही नव्या गेममध्ये टेक्स्चर, म्हणजे चित्रातले बारकावे, खाली आणावे लागेल, त्याची कुरकुर नंतर करायची नाही. मॉनिटर फुल एचडी, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) चालेल. यादी सत्तरच्या बाहेर गेली तर एसएसडी अर्ध्यावर आण, एसएमपीएसला हात लावू नकोस.

शिर्के (ए-३०२): लॅमिंग्टन रोडला जावे. रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात आणि आपल्याकडे मेगाब्लॉक असतो तो वेगळाच. दादरला बदलून ग्रँट रोडला उतरले की चालत दहा मिनिटे. मी सोबत येऊ शकतो. दुकानदार "बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील" असे म्हणतो, तिथे ऐकू नये. पुढे कार्ड बिघडले की बिलाशिवाय दारात उभे करत नाहीत.

सावंत (बी-४०२): शिर्केसाहेब, आपण आलात तर मी निश्चिंत होईन. परंतु तिथे इंटेल-एएमडीचा वाद काढू नये, ही विनंती.

शिर्के (ए-३०२): वाद मी काढत नसतो.

क्षितिजा (सी-५०१): शनिवारी जोडायला बसू, मी फक्त पाहीन, हात अथर्वचे. आधीच वाचून ठेव: प्रोसेसरचा पंखा बसवण्यापूर्वी बोर्डावरील दोन प्लास्टिकचे कंस काढावे लागतात, तो थेट मागच्या पट्टीत स्क्रूने बसतो आणि स्क्रू एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे. उष्णता वाहून नेणारी पेस्ट त्याला लावलेलीच असते. पंखा पुन्हा काढायची वेळ आली तर आधी हलकेच फिरवायचा. सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मॉनिटरची वायर कार्डात लावायची, बोर्डात नव्हे. सुरू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करायचे, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहील आणि तुला कळणारही नाही. विंडोजमध्ये १४४ हर्ट्झही हाताने निवडावे लागते. सर्व खोकी वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवायची.

नाडकर्णी (सचिव): खोकी घरातच ठेवावीत. जिन्यात कोणतेही सामान ठेवण्यास मनाई आहे.

लिमये काकू (बी-२०१): मग दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला तुमचा कूलर कधी हलवणार, तेही सांगून टाका.