कानाची पाळी म्हणजे नेमका किती कान?

सातरस्ता: कान टोचल्यावर घ्यायच्या काळजीचं एक पत्रक मराठीत करतोय. त्यात ‘पिना’ (बाहेर दिसतो तो सगळा कान) आणि ‘लोब’ (खालचा मऊ भाग) वेगवेगळे आलेत. पिनाला मी शाळेतल्यासारखं ‘कानाची पाळी’ लिहिलं तर आई म्हणाली, पाळी म्हणजे खालची मऊ, कुडी घालतो ती, वरच्याला कोण पाळी म्हणतं? आणि सगळा मुद्दाच तो आहे, खाली कूर्चा (लवचीक हाडासारखा भाग) नसते, वर असते, तिथं टोचून पिकलं तर कूर्चा खराब होऊन कान कायमचा वेडावाकडा होऊ शकतो. दोन्हीला पाळी लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार?

कडकभाकरी: आईचं बरोबर. आमची आजी बुगडी ‘वरच्या कानात’ घालायची. तेच लिही.

अमरकोशी: ‘वरचा कान’ हा काय शब्द झाला? कर्णपाली लिहा. संस्कृतात पालि म्हणजे कड. सुश्रुतानं फाटलेली पाळी जोडायच्या १५ तऱ्हा सांगितल्यात.

कडकभाकरी: म्हणजे तळ्याची पाळ पण त्यातलीच की! पण सुश्रुतानं जोडली ती खालचीच ना? आई जिंकली.

जुनीतालीम: कर्णपाली, कूर्चा म्हणलं तर आमचे वस्ताद उठून जातील. तालमीत ‘कान मोडला’ म्हणतात, बास. माझा डावा मोडलाय. समोरच्याचं डोकं घासून घासून आत रक्त साठलं, इडलीसारखा टम्म फुगला, डॉक्टरनी सुईनं रक्त काढून दाबून पट्टी बांधली आणि मी शहाण्यानं दुसऱ्याच दिवशी ती सोडून कुस्ती केली. आता आत घट्ट गोळा झालाय, इयरफोन बसत नाही.

साखरपेठ: आमच्याकडं घरात तेलुगू चेवि, शेजारी कन्नड किवि, शाळेत मराठी कान. पण मला सांगा, ‘कान फुटला’ म्हणजे पडदाच फुटला का? ह्यांना विहिरीत पोहून आल्यावर पाणी यायला लागलं, कानाच्या तोंडावरचं ते बारीक टोक दाबलं की ओरडायचे. सासूबाई म्हणाल्या कान फुटला, डॉक्टर म्हणाले पडदा चांगलाय, बाहेरच्या नळीला सूज आहे.

अमरकोशी: ‘कान वाहतोय’ म्हणायला हवं होतं.

साखरपेठ: सासूबाईंना तुम्ही सांगा.

कडकभाकरी: बुगडी-बाळीवरनं आठवलं, आपल्या सोलापुरातल्या बाळीवेशीचं नाव कानातल्या बाळीवरनंच ना? सोनार बसत असणार तिथं.

जुनीतालीम: काही पण काय बे! बाळे गावाकडं जाणारी वेस म्हणून बाळीवेस असेल.

सातरस्ता: अहो, माझं पत्रक सोमवारी छापायला जायचंय…

कडकभाकरी: मग बाळेवेस झाली असती की बे.