मदत हवी आहे: चुलत भावाचा अपघात, माझं आजारपण आणि इंग्लंडमधला भरपाईचा दावा

नमस्कार. मी रेडिंगला राहते, मूळची साताऱ्याची. पावणेदोन वर्षांपूर्वी माझा दादा सायकलवरून घरी येत होता, सिग्नल तोडून आलेल्या व्हॅननं त्याला उडवलं. फोन आला तशी निघाले, तासाभरात हॉस्पिटलात पोचले. त्याच्या तोंडावरचं रक्तही अजून पुसलेलं नव्हतं. नर्सनं पारदर्शक पिशवी हातात दिली: कापलेलं जाकीट आणि एकच बूट. रात्री तो गेला.

तेव्हापासून झोप नाही. सायकलची घंटी वाजली तरी छातीत धडधडतं. मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक आजाराचं, निदान लेखी दिलंय. विमा कंपनीनं चालकाची चूक मान्य केली, वहिनीचा दावाही घेतला. मला मात्र नकाराचं चार ओळींचं पत्र आलं: तुम्ही 'कझिन' आहात.

चुलत, हे खरं. पण मी पाच वर्षांची असताना बाबा गेले आणि काका आईला न् मला आपल्या घरी घेऊन आले. त्या घरात 'चुलत' हा शब्द मी कधी ऐकला नाही. हे नातं कोर्टात कसं दाखवायचं? कुणी यातून गेलंय का?

उत्तर:
ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी इथे सॉलिसिटरच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलाची कायदेशीर कामं बघणारा मदतनीस, आहे. पत्रामागे अल्कॉक खटला आहे, हिल्सबरो फुटबॉल मैदानावरच्या १९८९ च्या चेंगराचेंगरीनंतर नातेवाइकांनी मानसिक धक्क्याच्या भरपाईसाठी लढलेला. नवरा-बायको, आईवडील-मुलं यांच्यातला जिव्हाळा कोर्ट गृहीत धरतं. इतरांना, अगदी सख्ख्या भावंडांनाही, तो सिद्ध करावा लागतो. दोन भाऊ गमावलेला, स्वतः मैदानात हजर असलेला माणूसही हरला, कारण जिव्हाळ्याचा पुरावाच पुढे आला नव्हता.

म्हणून गावाकडून जुनं रेशनकार्ड मागवा. शाळेच्या कागदांवर पालक म्हणून काकांची सही असेल, ती शोधा. दादाशी रोज व्हायचे ते फोन, वहिनींचा लेखी जबाब, सगळं जमवा. मराठी कागदांना प्रमाणित भाषांतर लागेल.

तासाभरात पोचलात, ही तुमची भक्कम बाजू. दुसऱ्या एका खटल्यातल्या मॅक्लॉक्लिन बाई कुटुंबाच्या अपघातानंतर दोनेक तासांनी हॉस्पिटलात पोचल्या, घरची माणसं अजून तेला-चिखलानं माखलेली होती. १९८२ मध्ये कौल त्यांच्या बाजूनं लागला. अल्कॉकमध्ये आठएक तासांनी शवागारात ओळख पटवणं मात्र उशिराचं ठरलं. त्यामुळे फोन किती वाजता आला, पिशवी कधी हातात पडली, आठवतं तसं आजच लिहा. विमा कंपनीनं २०२४ चा पॉल खटल्याचा निकाल पुढे केला तर घाबरू नका, तो डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचा होता.

मुदत ३ वर्षांची. त्याआत दावा कोर्टात दाखल व्हायला हवा, नुसत्या पत्रव्यवहारानं भागत नाही. सव्वा वर्ष उरलंय, या आठवड्यातच वकील गाठा.

धागाकर्ती:
रेशनकार्ड आईच्या ट्रंकेत आहे, आत्ताच तिला फोन केला. तिनं वाचून दाखवलं. पाचवं नाव दादाचं, सहावं माझं.