मुंबईजवळची कमी गर्दीची ठिकाणे

प्रश्न (जुळे सोलापूर): दिवाळीच्या सुट्टीत आई-वडिलांसह मुंबईस जात आहे. चौपाटी आणि राणीची बाग वगळून, निसर्ग आणि वारसा दोन्ही पाहता येतील अशी ठिकाणे जाणकारांनी सुचवावीत.

उत्तर (सात रस्ता): सिद्धेश्वर एक्सप्रेसने कल्याणला उतरून लोकलने अंबरनाथ गाठावे. तेथील शिलाहारकालीन शिवमंदिर इ. स. १०६० मधील असून, गाभाऱ्यात पायऱ्यांनी खाली उतरावे लागते.

उत्तर (अक्कलकोट रस्ता): माझे मत कान्हेरीला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील या शंभरहून अधिक बौद्ध लेण्यांत मला मूर्तींपेक्षा पाण्याची व्यवस्था अधिक मोलाची वाटते. कातळावरचे पावसाचे पाणी खोदीव पन्हळींतून लेण्यांजवळच्या टाक्यांत उतरवलेले आहे, आणि नळाच्या पाण्याची दिवसेंदिवस वाट पाहणाऱ्या आपण सोलापूरकरांनी तर ते जरूर पाहावे. वडिलांचे गुडघे दुखत असल्यास वरच्या लेण्यांचा आग्रह धरू नये. सोमवारी उद्यान बंद असते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. चढण नको असल्यास वसईचा किल्ला कसा राहील?

उत्तर (सात रस्ता): उत्तम. चिमाजी अप्पांच्या सैन्याने १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा किल्ला सपाटीवर असून, आतील पडक्या चर्चच्या भिंती निवांत पाहता येतात. मात्र ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे.