ऑरिगाला सोबत आणायची आहे, कोणता बटरफ्लाय चालेल?

सागर_कोथरूड

नमस्कार मंडळी. माझी खाऱ्या पाण्याची टाकी ६ बाय २ बाय २ फुटांची आहे, काठोकाठ धरली तर ६८० लिटर. खाली संप (गाळणीची खालची टाकी), त्यात स्किमर (घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र), वर दोन वेव्हमेकर (पाण्याला प्रवाह देणारे पंप). पाणी थंड ठेवणारा चिलर २६ अंशांवर लावलाय, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५. कोरल एकही नाही, फक्त खडक आणि मासे. सध्या आत क्लाउनफिशची जोडी आणि ऑरिगा जातीचा एक बटरफ्लाय मासा आहे. ऑरिगा गेल्या दिवाळीत आणला तेव्हा रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा होता, आता तळहाताएवढा झालाय. मायसिस (गोठवलेली बारीक कोळंबीसारखी खाद्यं) हातातून खातो. खडकांवरचा सगळा एप्टेशिया (तणासारखा पसरणारा समुद्रफुलासारखा जीव) त्यानेच साफ केला.

आता त्याला जोडीदार हवा, असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. समुद्रात हे मासे जोडीने फिरतात हे मुलीने कुठेतरी वाचलंय आणि ती रोज विचारते. दुकानात तीन पर्याय आहेत: जवळपास याच मापाचा दुसरा ऑरिगा, कॉलेअर जातीचे दोन बटरफ्लाय, आणि आठ काळ्या पट्ट्यांचा एक छोटा बटरफ्लाय, जो सगळ्यांत स्वस्त आहे. दुकानदार म्हणतो सगळे बटरफ्लाय एकत्र राहतात, बिनधास्त न्या. क्लाउनची जोडी मी एक मोठा आणि एक लहान आणून लावली होती. ऑरिगाचं तसंच जमेल का? पुढे हेनिओकस (पाठीवर लांब पांढरा तुरा असणारा बटरफ्लायचा भाऊबंद) घ्यायचाही विचार आहे.

बेलापूर_मरीन

माझ्याकडे रकून (बटरफ्लायचीच दुसरी जात) आणि ऑरिगा एकाच टाकीत आहेत, काही त्रास नाही. बटरफ्लाय टँग माशांइतके भांडखोर नसतात. आणा दुसरा ऑरिगा. दोन दिवस दिवे बंद ठेवा, होतं सगळं सुरळीत.

रीफवाली_ठाणे

सागर, दुसरा ऑरिगा आणू नका.

क्लाउनचं गणित इथे लागू होत नाही. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात. दोन एकत्र ठेवले की जो मोठा आणि वरचढ तो मादी होतो, म्हणून लहान-मोठे आणले की जोडी लागते. बटरफ्लायचं तसं नाही. नर तो नर, मादी ती मादी, आणि बाहेरून बघून ओळखायची काही खूण नाही. दुकानातला ऑरिगा नर असेल आणि तुमचाही नर निघाला तर पुढे कितीही वाट बघा, जोडी लागायची नाही. शिवाय तुमचा ऑरिगा त्या टाकीत लहानाचा मोठा झालाय. सहा फूट पाणी त्याच्या हिशेबाने त्याचं एकट्याचं आहे. त्याच्याच मापाचा, त्याच्याच रंगाचा पाहुणा आला की तो सरळ परका ठरतो.

बेलापूरकर म्हणतात ते रकून आणि ऑरिगाबद्दल खरं आहे. दोघांचा रंग वेगळा, ठेवण वेगळी, म्हणून जमतं. पण एकाच जातीचे दोन ठेवणं ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. दिवे बंद ठेवून भांडण फक्त पुढे ढकललं जातं.

भांडण कसं दिसतं तेही सांगते, कारण सुरुवातीला लोकांना ते खेळणं वाटतं. मासा डोकं खाली घालतो, पाठीवरचे काटे ताठ उभे करतो आणि ते काटे समोरच्याकडे रोखून तिरका तिरका पुढे सरकतो. चावणं क्वचितच. नुकसान दुसऱ्याच मार्गाने होतं. ज्याच्यावर काटे रोखले जातात तो वरच्या कोपऱ्यात, चिलरच्या पाइपमागे जाऊन उभा राहतो आणि जेवायला खाली येत नाही. बटरफ्लायच्या अंगात साठा फारसा नसतो. आठवड्याभरात डोक्यामागचा भाग खपाटीला जातो, आणि तिथपर्यंत पोचलेला मासा परत अन्नावर आणणं फार अवघड असतं.

एकाच जातीचे दोन हवेच असतील तर दोन मार्ग आहेत. दोघं अगदी लहान असताना एकाच दिवशी टाकीत सोडायचे, किंवा आधीपासून जुळलेली जोडी घ्यायची. तुमच्यासाठी दुसरा मार्ग उघडा आहे, कारण दुकानात कॉलेअर दोन आहेत. आधी जाऊन अर्धा तास त्यांच्यासमोर बसा. एकामागे एक फिरतात का, एकाच खडकावर शेजारी शेजारी टोचतात का, एक आडोशाला गेला की दुसरा त्याला शोधत येतो का, हे बघा. तसं असेल तर जोडी आहे. एकमेकांना टाळत दोन टोकांना उभे असतील तर नुसते दोन मासे आहेत, सोडून द्या.

मग दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. दोघांनीही खाल्लं पाहिजे. "कालच खाल्लंय, आता पोट भरलंय" हे उत्तर मी कधीच मान्य करत नाही. बटरफ्लाय दिवसभर टोचत राहणारा मासा आहे, निरोगी असेल तर समोर आलेलं मायसिस सोडणार नाही.

आणि तो आठ पट्ट्यांचा स्वस्त मासा कृपा करून घेऊ नका. त्याचं खाणं म्हणजे जिवंत कोरलचे पॉलिप (कोरलचे बारीक जीव). तुमच्याकडे कोरल नाही, तो मायसिसकडे बहुधा बघणारही नाही, आणि तुमच्या मुलीला काचेपलीकडे एक मासा उपाशी मरताना बघावा लागेल. मेयरी, ऑर्नेट, ट्रायफॅसिएटस, शेवरॉन या बटरफ्लायच्या जातींचीही तीच गत. हे मासे विकायला आणूच नयेत असं माझं ठाम मत आहे, आणि आपण घेतो म्हणून ते आणले जातात.

मालवणकर_डायव्हर

ताईंना दुजोरा. आमच्याकडे मालवणला आणि खाली कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ कॉलेअर चांगले दिसतात. कधी जोडी, कधी एकाच खडकाच्या आडोशाला सात-आठ जण एकत्र. लाल शेपटी आणि डोळ्यामागचा पांढरा पट्टा पाण्यात लांबून ओळखू येतो. सावकाश गेलात तर हातभर अंतरावरून बघू देतात. मुलीला एकदा घेऊन या, स्नॉर्कलिंगलाही नशीब असेल तर दिसतात.

एक विनंती. इकडे आलात की तिथला खडक किंवा कोरलचा तुकडा टाकीसाठी उचलू नका. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे आणि कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं. मेलेला तुकडा असला तरी तो तिथेच राहू द्या.

सागर_कोथरूड

ताई, दादा, मनापासून आभार. आज दुकानात जाऊन बसलो. दोन्ही कॉलेअर सतत एकत्र आहेत, एक फिल्टरमागे गेला तर दुसरा लगेच तिकडे. एकाने मायसिस खाल्लं, दुसरा तोंडात घेऊन थुंकतो. आकार साधारण चार इंच. दुसऱ्याच्या शेपटीच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारखा बारीक पांढरा गोळा आहे. घ्यावेत का? आणि माझा ऑरिगा यांना त्रास देणार नाही का?

रीफवाली_ठाणे

तो गोळा बहुधा लिम्फोसिस्टिसचा आहे. विषाणूमुळे होतो, बटरफ्लायमध्ये नेहमी दिसतो, त्यावर औषध नाही आणि सहसा लागतही नाही. पाणी स्वच्छ, खाणं चांगलं आणि ताण कमी असला की आपोआप झडतो. त्याला खरवडू वगैरे नका. अंगभर मिठाच्या कणांसारखे ठिपके असते किंवा श्वास जोरात चालत असता तर मी नको म्हटलं असतं.

थुंकण्याची काळजी आहे, पण उपाय आहे. बाजारातून ताज्या तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणा. स्वच्छ धुऊन दोन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे सोबत येणारे बरेचसे जंतू-परजीवी मरतात. मग एक शिंपली उघडून मांसासकट अर्धा भाग दुकानदाराला द्या आणि तुमच्यासमोर त्यांच्या टाकीत ठेवायला सांगा. पाण्यात तरंगणारा तुकडा काय आहे हे नव्या बटरफ्लायला कळत नाही. शिंपल्याला घट्ट चिकटलेलं मांस टोचून काढायचं हे त्याला जन्मजात येतं. आधी तो एका डोळ्याने बघेल, मग दुसऱ्या, मागे जाईल, परत येईल, आणि एकदा तोंड लागलं की शिंपली तळाच्या काचेवर टकटक वाजायला लागेल. तो आवाज आला की पैसे द्या. तोपर्यंत थोडं आगाऊ देऊन राखून ठेवा.

घरी रोज फक्त तिसऱ्या नको. कच्च्या शिंपल्यांमध्ये ब१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. मायसिस, बारीक चिरलेली कोलंबी, थोडं शेवाळाचं खाद्य असं फिरवून द्या आणि अधूनमधून जीवनसत्त्वाचे थेंब टाका. दिवसातून तीन वेळा थोडं थोडं. नायट्रेट वाढेल, त्यासाठी पाणी बदलायची तयारी ठेवा.

क्वारंटाइन (नवे मासे आधी वेगळ्या टाकीत ठेवणं) टाळू नका. निदान चार आठवडे. बटरफ्लायबरोबर कल्ल्यांतले आणि कातडीवरचे फ्लूक (परजीवी किडे) हमखास येतात, त्यासाठी प्राझिक्वांटेल हे औषध. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी कॉपर (तांब्याचं औषध) द्यावं लागलं तर टेस्ट किट हातात असल्याशिवाय एक थेंबही नाही, आणि मुख्य टाकीत तर कधीच नाही. क्वारंटाइनमध्ये पाइपचे मोठे तुकडे आडोशाला टाका. रात्री दिवा लावलात तर दोघांचा रंग मळका, डागाळलेला दिसेल. घाबरू नका, तो त्यांचा झोपेतला रंग आहे, सकाळी दिवे लागल्यावर थोड्या वेळात जातो.

आता ऑरिगा. चार आठवडे संपले की ऑरिगाला बाहेर काढून त्याच क्वारंटाइन टाकीत हलवा. औषध वापरलं असेल तर आधी पाणी पूर्ण बदला. मुख्य टाकीतले दोन-तीन मोठे खडक हलवा, गुहांची तोंडं बदला, आणि कॉलेअर सोडा. त्यांना दोन आठवडे एकटं राहू द्या, खाण्याची जागा ठरू द्या. मग ऑरिगा परत आणा, पण थेट नको. भोकं पाडलेल्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या खोक्यात दोन-तीन दिवस. खोक्यातून काटे रोखणं थांबलं आणि दोन्हीकडे खाणं सुरू असलं की मोकळा सोडा. नंतर काही दिवस शिंपल्या टाकीच्या दोन टोकांना ठेवा.

हेनिओकस नंतर बघा, आणि एकच. दुकानात तीन-चारांचा थवा सुंदर दिसतो, पण हेनिओकसमधले ॲक्युमिनेटस जातीचे मासे मोठे झाले की त्यातल्या दुबळ्याला छळतात. थव्याने राहणारी जात डायफ्र्युटीस. पाठीचे काटे मोजा, ॲक्युमिनेटसला ११, डायफ्र्युटीसला १२. थवा मात्र या टाकीत नको, जागा पुरणार नाही.

बेलापूर_मरीन

ताई, खडक हलवायचं माहीत होतं, जुना मासा बाहेर काढायचं लक्षात आलं नव्हतं. माझ्याकडे कॉपरबॅण्ड (बटरफ्लायचीच आणखी एक जात) आणायचा आहे, तेव्हा रकूनला हलवीन. सागर, गुरुवारी तुमच्याकडे वीज जाते ना? बॅटरीवरचा एअरपंप क्वारंटाइनलाही लावा. छोट्या टाकीत पाणी लवकर तापतं आणि ऑक्सिजन आधी संपतो.

सागर_कोथरूड

पंप आजच मागवला. दुकानदाराला आगाऊ पैसे दिलेत, रविवारी तिसऱ्या घेऊन जातो. एकच शंका: क्वारंटाइनची टाकी दोन फुटांचीच आहे. दोघांना एकत्र ठेवू की मध्ये जाळी लावू?

रीफवाली_ठाणे

चार इंचांच्या दोघांना दोन फूट तोकडे आहेत. जमलं तर तीन फुटांची जुनी टाकी कुणाकडून तरी महिन्याभरासाठी मागून आणा, निदान ड्रम तरी. पण ठेवा एकत्रच, जाळी नको. वेगळे केलेत तर एकमेकांना पुन्हा स्वीकारतीलच असं नाही. शिंपल्या मात्र दोन ठेवा, आणि थुंकणाऱ्याच्या बाजूची आधी सोडा.