पाचशे रुपयांचा क्लायंट ठेवायचा की सोडायचा?

सांगलीकर सीए (मूळ धागा)

सांगलीत प्रॅक्टिसला अकरा वर्षं झाली. ऑफिसात मी, तीन स्टाफ, दोन आर्टिकल (सीए शिकणारी उमेदवार पोरं). क्लायंट 240. त्यातल्या दीडशे जणांची वर्षाची फी सहा हजार किंवा त्याहून कमी. हे दीडशे मिळून माझ्या एकूण फीचा पाचवा हिस्साही देत नाहीत, आणि ऑफिसचा निम्म्याहून जास्त वेळ खातात.

ठरवलंय की या दीडशेंना पत्र टाकायचं. 1 एप्रिल 2026 पासून जीएसटीचा क्लायंट असेल तर वर्षाला किमान 15 हजार, नाहीतर फाईल घेऊन जा. बायको म्हणते पत्र टाकू नकोस, म्हणून इथे विचारतोय.

हे एकदम डोक्यात आलेलं नाही. यंदा, म्हणजे 2025 मध्ये, टॅक्स ऑडिटची (प्राप्तिकरासाठीच्या हिशेब-तपासणीची) तारीख 30 सप्टेंबरची 31 ऑक्टोबर झाली, मग 10 नोव्हेंबर. मुदत वाढली की लोकांना वाटतं सीएला आराम. प्रत्यक्षात पूर्वी दसऱ्याआधी मोकळे व्हायचो, यंदा भाऊबीजेला ऑफिस उघडं होतं. वाढीव मुदतीत काम कमी होत नाही, फक्त क्लायंट आणखी उशिरा येतो.

आणि दर महिन्याचं वेगळंच. 7 ला टीडीएस, 11 ला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-1, 15 ला पीएफ, 20 ला कर भरायचं रिटर्न 3बी. खरेदीवरच्या कराची वजावट दाखवणारं 2बी हे पत्रक 14 तारखेला तयार होतं, म्हणजे जुळवणीला हातात सहा दिवस. त्यात जुलै 2025 पासून 3बी मधल्या विक्रीच्या आकड्याला हात लावता येत नाही, जीएसटीआर-1 मधून येईल तोच. चूक असेल तर आधी 1ए हा दुरुस्तीचा फॉर्म भरून निस्तरा.

नोव्हेंबरात एका क्लायंटचा मी वहीत हिशेब ठेवला. हळदीचा छोटा व्यापारी, महिना पाचशे. 19 तारखेला संध्याकाळी सात वाजता प्लास्टिकची पिशवी आली. बिलांना रबर बँड, अर्धी बिलं हळदीने पिवळी. स्कॅनरची काच दोनदा पुसली. ओटीपी त्याच्या मुलाच्या मोबाईलवर, मुलगा हिंजवडीत मीटिंगमध्ये. एकूण तेरा फोन, स्टाफचे तीन तास दहा मिनिटं. पाचशे रुपये अजून यायचेत.

पुण्यातली प्रॅक्टिस

विचारताय काय, उद्याच टाका पत्र. मी 2022 मध्ये ऐंशी क्लायंट सोडले. पहिले तीन महिने ऑफिस इतकं शांत होतं की आपण बुडालो असं वाटायचं. मग उरलेल्यांकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला, आणि त्यांचंच काम वाढत गेलं. कोणाला कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट हवा होता, कोणाला कंपनी करायची होती. ते आधीही विचारत होते, मीच ‘बघू नंतर’ म्हणायचो, कारण माझ्या टेबलावर पिशव्या होत्या.

एकच सल्ला. फी ॲडव्हान्स घ्या, तीन-तीन महिन्यांची. उधारीवर पंधरा हजार ठरवलेत तर पाचशेची उधारी जाऊन साडेबाराशेची येईल, एवढाच फरक.

जुनी चोपडी

मी कोल्हापूरचा, आता निवृत्त. विक्रीकराच्या काळात प्रॅक्टिस सुरू केली. तुमचं पत्र वाचून राग नाही आला, काळजी वाटली.

आपल्याला मोकळेपणाने जाहिरात करता येत नाही. 1949 च्या आपल्या सीए कायद्यातच बंधनं आहेत, दारावर पाटी लावायची आणि गप्प बसायचं. मग नवा क्लायंट येतो कुठून? जुन्याने सांगितलं म्हणून. तुम्ही दीडशे क्लायंट सोडत नाही आहात, सांगणारी दीडशे तोंडं बंद करताय. बंद तरी कुठली, ती उलटं सांगत फिरतील. माझ्याकडे 1994 साली एक पोरगा सायकलवरून यायचा, लेथचं दुकान. फी शंभर रुपये, तीही दोन हप्त्यांत. आज त्याचे शिरोली एमआयडीसीत तीन शेड आहेत आणि त्याचं ऑडिट माझा मुलगा करतो.

दुसरं. ऑडिटच्या भरवशावर इमला उभा करू नका. 2005 ला व्हॅट आला, त्याच्या 704 नंबरच्या ऑडिट रिपोर्टवर आम्ही बरीच वर्षं काढली. 2017 ला जीएसटी आल्यावर ते गेलं. मग जीएसटीच्या वार्षिक ताळमेळावर, म्हणजे 9सी वर, सही करायचं काम आलं, 2021 मध्ये तेही काढून टाकलं, आता व्यापारी स्वतःच प्रमाणित करतो. टॅक्स ऑडिटला माणशी साठची मर्यादा, आणि 1 एप्रिल 2026 पासून एकाचा उरलेला कोटा दुसऱ्या भागीदाराने वापरायची सोयही बंद. सरकार काम देतं, सरकारच काढून घेतं. पिशवीवाला मात्र असतोच.

सांगलीकर सीए

काका, आदर ठेवून विचारतो. सायकलवाला एक आठवतोय. त्या वर्षी शंभर रुपयांचे आणखी किती होते आणि त्यातले किती शेडपर्यंत पोचले?

आणि तेव्हा चलन बँकेत भरायचं, रिटर्न कार्यालयात द्यायचं, एखाद-दोन दिवस मागेपुढे झाले तर साहेबाला हात जोडायचे. आता हात जोडायला पलीकडे माणूस नाही, पोर्टल आहे. 20 तारीख चुकली की 21 पासून दिवसाला पन्नास रुपये लेट फी सुरू, आणि ती मीच भरावी अशी क्लायंटची समजूत.

गाळेवाला

मी सीए नाही. मार्केट यार्डात अडत आहे, हळद आणि बेदाणा. ज्यांच्याबद्दल चाललंय त्यातलाच एक समजा, फी महिना आठशे.

साहेब, पिशवी उशिरा येते हे खरं. पण का ते कोणी विचारलंय? सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) त्याच दिवशी करावी लागते, त्याला पैसे हवे असतात. खरेदीदाराचं पेमेंट येणार महिन्या-दीड महिन्यानं. तुमचं 3बी त्या मधल्या महिन्यात येतं. कर भरायला पैसे नसले की माणूस बिलं दाबून ठेवतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही.

दुसरी गोष्ट. 2024 च्या डिसेंबरात जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली, शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर नाही असं त्यात स्पष्ट झालं. त्याआधी तासगावपासून इथपर्यंत नुसता गोंधळ होता, शेतकरी आमच्या अंगावर यायचे. मला त्याच रात्री आमच्या सीएंचा फोन आला, ‘काळजी करू नका, सुटलं.’ त्या फोनचे पैसे त्यांनी लावले नाहीत. पंधरा हजार घेणाऱ्याकडून मला असा फोन येईल काय? का त्याचं वेगळं बिल येईल?

सल्लागार जयसिंगपूर

मी सीए नाही, जीएसटी प्रॅक्टिशनर आहे. सरळ सांगतो, ते दीडशे माझ्याकडे पाठवा. बिगर ऑडिटची रिटर्न भरायला सीए लागतोच असं कुठल्या कायद्यात आहे? मी आणि माझा भाऊ मिळून नव्वद जण सांभाळतो, भाडं घरचं, एसी नाही. पाचशे मला परवडतात. ज्याचं त्याने करावं.

सांगलीकर सीए

पाठवतो की. पण गेल्या वर्षी यार्डातला एक अडत्या दोन हजारात होतंय म्हणून एका सल्लागाराकडे गेला. (तुम्ही नव्हे.) त्यांनी रिटर्न 44एडी मध्ये, म्हणजे छोट्या धंद्याने अंदाजे नफा दाखवायच्या प्राप्तिकराच्या कलमात, टाकलं. कमिशन-दलालीच्या उत्पन्नाला ते कलम लागूच होत नाही. नोटीस आल्यावर गडी परत माझ्याच दारात, आणि तोंडात पुन्हा तेच, ‘साहेब, एवढं बघा की.’

सल्लागार जयसिंगपूर

हो, आणि सीएच्या ऑफिसात ते रिटर्न सीए स्वतः भरतो वाटतं? आर्टिकल भरतो. 2023 पासून आर्टिकलशिप तीनाची दोन वर्षं झाली. पोरगं कामाला लागेपर्यंत परीक्षेच्या रजेवर. माझ्याकडे निदान गेली दहा वर्षं हात तोच आहे.

पुण्यातली प्रॅक्टिस

हा मुद्दा मात्र मान्य. ऑफिस वाढवायचं म्हणजे स्टाफ टिकवायचा, आणि पाचशेच्या क्लायंटवर टिकणारा पगार देता येत नाही.

मूळ धाग्याबद्दल एक शंका. उलाढाल पाच कोटींच्या आत असताना या लोकांना दर महिन्याला 3बी कशाला? तिमाही योजनेत टाका, वर्षाला बारा ऐवजी चारदा.

सांगलीकर सीए

करून पाहिलं. तिमाहीत टाकला की तीन महिन्यांच्या तीन पिशव्या एकदम 21 तारखेला. पहिले दोन महिने 25 पर्यंत चलन भरायचंच असतं, ते विसरतो. शिवाय त्याचा खरेदीदार ओरडतो, ‘तुमचं बिल 2बी मध्ये दिसत नाही, पेमेंट थांबवतो.’ मग 13 तारखेपर्यंत आयएफएफ, म्हणजे त्या महिन्याची बिलं दाखवायचा फॉर्म, भरा. म्हणजे महिन्याचं काम महिन्यालाच, फक्त फी तिमाही.

टॅलीवाली

इतके दिवस फक्त वाचत होते. एका सीएंच्या ऑफिसात चौदा वर्षं आहे, हे सांगली नव्हे. पिशवी शेवटी ज्या टेबलावर येते ते टेबल माझं, म्हणून लिहिते.

सर, तेरा फोन मोजलेत ते चांगलं केलंत. त्यातले किती तुमच्यासाठी होते? आमच्याकडे क्लायंट मला विचारत नाही, साहेबांना विचारतो. साहेब मीटिंगमध्ये, मग दर अर्ध्या तासाने फोन. आणि 19 तारखेला पिशवी घेऊन आलेल्याला ‘ठेवा, बघतो’ कोण म्हणतं? स्टाफ म्हणत नाही. आमच्यात ती हिंमत नाही. साहेब केबिनमधून म्हणतात, चहा पाजतात, आणि पिशवी माझ्याकडे येते. त्या दिवशी माझी सव्वासातची बस जाते. पाचशेवाल्याची पिशवी असो की पन्नास हजारवाल्याची, बस सारखीच जाते. पन्नास हजारवाले वेळेवर येतात असं कोणी समजू नये. त्यांचा अकाउंटंट एक्सेल पाठवतो, त्यात बेरीज चुकलेली असते, आणि त्याला चूक दाखवायची तर भाषा जपून वापरावी लागते.

आमच्या सरांनी दोन वर्षांपूर्वी एक केलं. दाराशी टेबलावर रजिस्टर ठेवलं. पिशवी आली की तारीख, वेळ आणि क्लायंटची सही. 10 नंतर आली तर लेट फी तुमची, हे तिथेच छापलेलं. पहिले दोन महिने भांडणं झाली, एक जण फाईल घेऊन गेला. नंतर मात्र लेट फी कोणामुळे लागली हा वादच संपला, सही दाखवली की विषय मिटतो. फी तेव्हा वाढवली नव्हती. नंतर वाढवली, तेव्हा कुरकुर झाली पण कोणी गेलं नाही.

आणि एक, विषयाला सोडून असेल. फी पंधरा हजार झाली तर आमच्या पगाराचं काय, हे पत्राबद्दल लिहिलंत त्यात कुठे दिसलं नाही.

जुनी चोपडी

ताईंना +१. आमच्या ऑफिसातल्या अशाच एक बाई तीस वर्षं होत्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मला कळलं की निम्मे क्लायंट माझे नव्हतेच, त्यांचे होते.

सांगलीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. शंभर रुपयांचे साठ-सत्तर होते. शेडपर्यंत चार पोचले. बरेच धंदा बंद करून गेले. हिशेब तुम्ही म्हणता तसाच निघतो, पण त्या चौघांत कोण असेल हे 1994 ला मला ओळखता आलं नसतं.

सांगलीकर सीए

टॅलीवाली ताई, तेरापैकी नऊ फोन माझ्यासाठी होते. काल स्टाफला विचारलं. ‘ठेवा, बघतो’ हेही मीच म्हणालो होतो. त्यांनी सांगताना खाली बघून सांगितलं, त्यावरून काय ते समजलो.

पत्र टाकणार आहे, पण दीडशेंना नाही. काल रात्री यादी घेऊन बसलो. फी कमी, पण वेळेवर येणारे आणि पैसे देणारे 64 निघाले. त्यांना हात लावत नाही. दोन वर्षांपासून फी थकवणारे 31, त्यांना सरळ फाईल परत. उरलेल्या 55 जणांना महिना हजार, तीन महिन्यांचे आगाऊ, आणि पिशवी 8 तारखेच्या आत रजिस्टरवर सही करून. 15 हजारांचा आकडा मागे घेतला. तो मी रागात काढला होता, हे बायकोचं म्हणणं. स्टाफचे पगार एप्रिलपासून वाढवतोय, किती ते इथे लिहीत नाही.

काकांचा एक मुद्दा अजून पटलेला नाही. चौघांच्या आशेवर सत्तर जण सांभाळायचे, तर ते माझ्या वेळेतून सांभाळेन, स्टाफच्या नाही.

गाळेवाला

साहेब, हजार ठीक आहे. आगाऊ पण देऊ. पण आठला आमच्याकडे सौद्याची गर्दी असते, माणूस मोकळा नसतो. दहा धरा की.

टॅलीवाली

नऊ. सकाळी.