भाषणासाठी डॉक्टर-पुढारी सुचवा (ग्वाल्हेर)

लष्करची_माई: लेक आठवीत. गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय: डॉक्टर असून राजकारणात गेलेली व्यक्ती. पाच मिनिटं, हातात आठ दिवस. पुस्तकाला तीनशेच्या वर नको, सासूबाईंच्या उपचारांमुळे महिना ओढाताणीचा आहे. कोण घ्यावं?

बाड्याजवळ: डॉ. बिधानचंद्र रॉय. लंडनला सव्वादोन वर्षांत एमआरसीपी आणि एफआरसीएस (वैद्यक आणि शस्त्रक्रियेतल्या वरच्या पदव्या) दोन्ही, १९४८ पासून मरेपर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री. जन्म आणि मृत्यू दोन्ही १ जुलैला. माझ्या मुलाने याच भाषणावर पहिला नंबर काढला.

जुनी_पेठ: रॉय दरवर्षी चारजण तरी घेतात. माझी पुतणी तारखांत अडकली आणि तिसऱ्या मिनिटाला रडत खाली उतरली. आपल्या ग्वाल्हेरचे खासदार घ्या ना! डॉ. ना. भा. खरे. जन्म पनवेलचा, डॉक्टरकी लाहोरला शिकले, व्यवसाय नागपुरात. १९३७ ला मध्यप्रांताचे पंतप्रधान, तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत. १९३८ च्या जुलैत तीन मंत्री राजीनामा देईनात, तर गव्हर्नरकरवी त्यांना काढून नवं मंत्रिमंडळ बसवलं, त्यात दलित समाजातले अग्निभोज घेतले. काँग्रेसश्रेष्ठींनी लगेच पायउतार केलं. पुढे हिंदू महासभा, आणि १९५२ ला ग्वाल्हेरहून लोकसभा. त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र मी अकराशेला घेतलं, पैसे वसूल.

गुनेकर: १९५२ ला खरं, पण पोटनिवडणुकीत. हिंदू महासभेचेच वि. घ. देशपांडे गुना आणि ग्वाल्हेर दोन्हीकडून जिंकले होते. त्यांनी गुना ठेवलं, म्हणून जागा रिकामी झाली. हे तरी नीट सांगा.

जुनी_पेठ: पोटनिवडणूक असली तरी मतं ग्वाल्हेरचीच ना?

दौलतगंज_१२: रॉय घ्या. १ जुलैला डॉक्टर दिन असतो, तो त्यांच्यामुळेच.

शिक्षिका_निवृत्त: परीक्षक म्हणून तीन वर्षं बसलेय. खरे १९४७ मध्ये अलवर संस्थानाचे पंतप्रधान होते. तिथे मेवांची (मेव हा मुस्लिम समाज) कत्तल झाली, त्यावर कुणी प्रश्न विचारला तर आठवीतली मुलगी काय बोलणार? माणूस कोणताही घ्या, पण प्रसंग एकच निवडा. जन्मापासून मृत्यूपर्यंत धावलं की पाच मिनिटं पुरत नाहीत.

लष्करची_माई: सगळ्यांचे आभार. एकच प्रसंग हे लेकीला पटलं, माणूस मात्र तिने स्वतः शोधला: डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. मद्रासच्या कायदेमंडळातल्या पहिल्या महिला सदस्य. बहीण कर्करोगाने गेली, आणि १९५४ ला मद्रासमधल्या अड्यारला कर्करोगाचं रुग्णालय उभं राहिलं. आजीच्या केमोच्या खुर्चीशेजारी बसून वहीत लिहितेय. पुस्तक लागलंच नाही.